न विचारता नेलेली गाडी

तीस वर्षं मी नांदेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवलं, पण गावात मला ओळखतात ते माईकवरचा माणूस म्हणून. सत्कार असो की शोकसभा, पुस्तकाचं प्रकाशन असो की गल्लीतला गणपती, आवाज माझा. त्यामुळे निवृत्तीनंतर एका मोटार कंपनीने स्वखर्चाने काढलेल्या माहितीपटाला मराठी आवाज द्यायचं काम चालून आलं, तेव्हा मी वरवर ‘बघू’ म्हणालो आणि आतून फुगलो. मोटारीचा जन्म कसा झाला, पहिल्या गाड्या कशा होत्या, त्या कुणी चालवल्या आणि त्यांना कोण कोण हसलं, असा तो माहितीपट होता. मूळ इंग्रजी. मराठवाड्यातल्या शोरूममध्ये आणि कॉलेजांमध्ये तो दाखवायचा होता. मराठी मजकूर मीच लिहिला. रेकॉर्डिंग लातूरला ठरलं, कारण कंपनीच्या साहेबांच्या ओळखीचा स्टुडिओ तिथे होता.

यातली गंमत घरातल्या लोकांना ठाऊक होती. मोटारीचा इतिहास जगाला सांगायला निघालेल्या या माणसाला मोटार चालवता येत नव्हती.

गाडी मात्र दारात उभी होती. पुण्याच्या मुलाने दिवाळीला पाठवलेली, पांढरी, सीटवरचं प्लॅस्टिक अजून न काढलेली. आमच्याकडे रीत अशी, की नवी गाडी गावात फिरवायला हरकत नाही, पण गावाची वेस ओलांडायची तर पहिल्यांदा कुलदैवताला न्यायची. आमचं कुलदैवत माळेगावचा खंडोबा. नांदेडहून लातूरला निघालं की लोह्याच्या पुढे, म्हणजे दीड तासाचासुद्धा रस्ता नाही. तेवढा रस्ता मी तीन महिने लांबवला होता. आधी म्हणालो, दिवस बरा नाही. मग म्हणालो, यात्रेची गर्दी आहे. यात्रा संपली तेव्हा म्हणालो, उसाच्या गाड्या सुरू आहेत, एकामागे एक दोन ट्रॉल्या लावून रस्ताभर झुलत चालतात. माझी बायको पन्नाशी ओलांडल्यावर गाडी शिकली. महिन्यापूर्वी तिला लायसन मिळालं होतं. भाजीबाजार, आईचा डोळ्यांचा दवाखाना आणि परत घर, एवढ्यात ती गाडी फिरवत होती. माळेगावला जायचं ती दर आठवड्याला विचारायची. मी दर आठवड्याला देवाचंच निमित्त करून देवाकडे जायचं टाळायचो.

खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. गाडी येणार म्हटल्यावर पहिल्यांदा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं ते मी. मोंढ्यामागच्या मैदानात तिसऱ्या दिवशी माझा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलेटरवर पडला. कडेला एक बाई पेरूची पाटी घेऊन बसली होती. ती उडी मारून बाजूला झाली, कोपरावर आपटली, आणि चाक पाटीवरून गेलं. मास्तरने त्याच्या बाजूचा ब्रेक दाबला म्हणून गाडी थांबली. बाईला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. ती उठली, पदर झटकला आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. तिने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तिने नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी मी घरात जाहीर केलं, की माझ्या पाठीला गाडी सोसत नाही.

रेकॉर्डिंगच्या दिवशी पहाटेच्या एसटीने मी लातूरला निघालो. लोह्याच्या अलीकडे एक उसाची ट्रॉली रस्त्याच्या कडेला आडवी झालेली दिसली. ऊस अर्ध्या रस्त्यावर पसरला होता आणि दोघेजण त्यावर बसून बिडी ओढत होते. मी मनात म्हटलं, बघा, मी म्हणतो ते काही खोटं नाही. माळेगाव आलं तेव्हा खिडकीतूनच हात जोडले आणि पुढच्या महिन्यात नक्की येतो म्हणून सांगितलं. हे मी त्या खिडकीतून तिसऱ्यांदा सांगत होतो.

स्टुडिओ एका क्लासच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर होता. लातुरात क्लासची गल्ली म्हणजे दर तासाला शे-दोनशे पोरं आणि तितक्याच स्कूटी. स्टुडिओचे मालक माझ्याच वयाचे, पूर्वी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे. आता निवडणुकीची गाणी, जागरण-गोंधळाची गाणी आणि दुकानांच्या भोंग्यावरच्या जाहिराती रेकॉर्ड करायचे. आतल्या खोलीच्या भिंतींना त्यांनी फोमचे तुकडे चिकटवले होते आणि फोम संपला तिथे गोधड्या टांगल्या होत्या. ते म्हणाले, “सर, पोरं सुटली की धा मिनिटं थांबायचं. तेवढं सोडलं तर लई शांत जागा हाय.” पुण्याहून कंपनीचे साहेब लॅपटॉपच्या पडद्यावर हजर होते. फोन आत न्यायचा नाही, एवढा एकच नियम होता.

फोन बाहेर ठेवण्याआधी मी सवयीने घरी लावला. आईने बीपीची गोळी घेतली का, हे मी बाहेरगावी असलो की विचारतो. आईने उचलला नाही. बायकोने उचलला नाही. पुन्हा लावला, पूर्ण वाजून बंद झाला. मग शेजारच्या बाईंना लावला.

“सर, घरी कुणी न्हाई की,” त्या म्हणाल्या. “वहिनी आन आजी गाडी घेऊन गेल्या आठ वाजता. तुमाला सांगितलं न्हाई का?”

“कुठे गेल्या?”

“ते न्हाई बा म्हणल्या. आजीच्या हातात नारळ व्हता आन डब्बा व्हता. मला म्हणल्या, दाराकडं ध्यान ठेव.”

नारळ म्हटल्यावर मला कळलं. मी घराबाहेर पडल्यावर दोन-अडीच तासांत दोघींनी काम साधलं होतं. महिन्याभराचं लायसन, एक्याऐंशी वर्षांची आई, आणि ती आडवी पडलेली ट्रॉली. पुढचं सांगायला नको, पण सांगतो : भीतीच्या आधी मला राग आला. मला न विचारता गेल्याच कशा? माझ्या स्वभावाचं हे असंच आहे, घाबरलो की मी आधी चिडून घेतो.

“सर, घ्यायचं का?” मालक म्हणाले.

मी आत गेलो, कानावर हेडफोन चढवला आणि काचेपलीकडच्या टेबलावर पडलेल्या माझ्या फोनकडे बघत मोटारीच्या जन्माची कथा सांगू लागलो. पहिली वीस मिनिटं वाफेच्या गाड्या, घोडागाडीचे मालक, रस्त्यावरची घाबरलेली गाढवं, असं सगळं होतं. माझं तोंड वाचत होतं आणि डोकं लोह्याच्या रस्त्यावर होतं. साहेबांनी दोनदा थांबवलं. “सर, थोडं हसरं येऊ द्या. दुःखद बातमी दिल्यासारखं वाटतंय.”

मग तो भाग आला. मजकूर लिहिताना तोच मला सगळ्यात आवडला होता. जर्मनीतला एक माणूस पेट्रोलवर चालणारी तीनचाकी गाडी बनवतो. गाडी चालते, पण हा गृहस्थ तिला कारखान्याच्या आसपासच फिरवतो. लांब न्यायची त्याची छाती होत नाही. आणि एके दिवशी पहाटे, तो झोपेत असताना, त्याची बायको दोन मुलांना घेते, गाडी हलक्या हाताने ढकलत बाहेर काढते आणि तिच्या माहेरी निघते. शंभर किलोमीटरच्या घरात. तेवढ्या लांब त्याआधी मोटार घेऊन कुणी गेलेलं नव्हतं. मी लिहिलं होतं : ‘नवऱ्याला न विचारता, न सांगता ती निघाली.’

हे वाक्य लिहिलं त्या संध्याकाळी मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. ती मेथी निवडत होती. “बरंय,” एवढंच म्हणाली. आईसुद्धा तिथेच बसली होती. आता काचेच्या आत उभं राहून मला ती संध्याकाळ आठवली, आणि कल्पना कुणी दिली याचं उत्तरही मिळालं.

मी ते वाक्य वाचलं. आवाज असा काही निघाला, की मालकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

साहेब पडद्यावरून म्हणाले, “सर, या वाक्याबद्दल मला बोलायचंच होतं. शोरूमला नवरा-बायको जोडीनं येतात. न विचारता गेली, हे जरा भांडण लावल्यासारखं वाटतं. ‘पतीच्या शुभेच्छा घेऊन ती निघाली’ असं केलं तर?”

एरवी मी या माणसाला अर्धा तास धारेवर धरलं असतं. वेलांटी चुकली तरी मी परीक्षकाशी भांडलेलो आहे. घडलेली गोष्ट बदलायची तुम्हाला परवानगी कुणी दिली, शोरूमची सोय म्हणून इतिहास कसा लिहिता येईल, असं बरंच काही बोलता आलं असतं. त्या दिवशी मी लगेच ‘चालेल’ म्हणालो. चालेल काय, मला ते फार बरं वाटलं. जगातल्या कुठल्याही बाईने नवऱ्याला न विचारता गाडी बाहेर काढू नये, असंच माझं त्या घडीला मत होतं. ‘पतीच्या शुभेच्छा घेऊन ती निघाली’ हे वाक्य मी एका दमात, गोड, भरदार आवाजात वाचलं. साहेब खूश झाले.

तेवढ्यात क्लास सुटला. गल्लीत स्कूटींचा कालवा सुरू झाला आणि आम्ही थांबलो. बाहेर येऊन फोन बघतो तर एक मिस्ड कॉल, आणि नंबर अनोळखी.

अनोळखी नंबर कशाचा असतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. आमच्या एका सहकाऱ्याच्या अपघाताची बातमी अशाच नंबरवरून आली होती, रस्त्याने जाणाऱ्या कुणीतरी भल्या माणसाने लावलेला. मी परत लावला. लागेना. पुन्हा लावला. मालकांना चेहरा दिसू नये म्हणून भिंतीकडे तोंड केलं. चौथ्यांदा लागला.

“कोण बोलतंय?” पलीकडे घंटा वाजत होती, माणसं बोलत होती.

“तुम्ही मला फोन केला होता.”

“मी न्हाई केला. म्हातारीनं केला. माळेगावात नारळाचं दुकान हाय माझं.”

“कुठे आहेत त्या? बऱ्या आहेत का?”

“गेली की गाडी. पांढरी, एक बाई चालवून राहिली होती तीच ना? धा-पंधरा मिनिटं झाली. लातूरकडं गेली.”

“लातूरकडे? नांदेडकडे नाही?”

“न्हाई वो, लातूरकडं. मीच वळवून दिली.”

“आणि म्हातारी?”

“म्हातारी बसली होती पुढं. डोळे मिटून.”

आणखी काही विचारायच्या आत त्याने कुणाला तरी नारळाचा भाव सांगायला सुरुवात केली आणि फोन बंद झाला.

मी तिथल्या खुर्चीत बसलो. घरी परतायचं सोडून लातूरकडे का? देवाला जाऊन आलेली माणसं घरी जातात. लातूरला आईच्या हृदयाचे डॉक्टर होते, वर्षातून दोनदा मी तिला तिथे आणायचो. माझ्या डोक्यात सगळं एका क्षणात जुळलं. मंदिराच्या पायऱ्या, ऊन, न घेतलेली गोळी, छातीत कळ, मला लावलेला फोन, तो मी न उचललेला, आणि मिटलेले डोळे. बायको एकटी, घाबरलेली, नवशिकी, शेजारी आई, आणि अहमदपूर-चाकूरचा ट्रकांचा रस्ता. आणि मी तेव्हा काय करत होतो, तर पतीच्या शुभेच्छा वाचत होतो.

मी चपला घालायला लागलो. मालक आडवे आले. “सर, कुठं जाताव?”

“रस्त्यावर. समोरून जातो.”

“कशात जाताव? आन दिसली तर चालत्या गाडीला काय हात दाखवताव?” त्यांनी मला पाण्याचा ग्लास दिला. “डॉक्टरचा नंबर हाय का? तिथं सांगून ठेवा.”

डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, अजून कुणी आलेलं नाही, आले की कळवते. मग करायला काहीच उरलं नाही. ते सगळ्यात वाईट होतं. मालक म्हणाले, इथं बसून तुमी येडे व्हाल, त्यापेक्षा काम करत राहा. तुमचा फोन मी माझ्या हातात धरतो. वाजला की हात वर करतो, तसेच पळत या बाहेर. मला त्यांचा राग आला, पण दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून आत गेलो.

ते वाचन मी जन्मात विसरणार नाही. डोळे एका ओळीवर आणि दुसऱ्या क्षणी काचेपलीकडच्या हातावर. त्या जर्मन बाईच्या गाडीचं इंधन संपतं, तेव्हा ती औषधाच्या दुकानात जाऊन कपड्यांचे डाग काढायचं रसायन विकत घेते आणि टाकीत ओतते. आमच्या गाडीत पेट्रोल किती होतं? नळीत कचरा अडकतो, तेव्हा ती टोपीची पिन काढून नळी साफ करते. चढ आला की मुलं उतरून गाडी ढकलतात. माझी आई काय ढकलणार होती? उतारावर ब्रेक झिजतात, तेव्हा ती एका चांभाराला गाठते आणि ब्रेकला चामडं ठोकून घेते. लिहिताना मी या जागी किती हसलो होतो. आता प्रत्येक वाक्याला मला घाम फुटत होता. गंमत अशी, की साहेब मात्र म्हणाले, “वा सर, आता कसं जिवंत वाटतंय.” मी त्यांना आतल्या आत एक शिवी दिली, ती इथे लिहीत नाही.

दीड वाजला. गोधड्यांमुळे खोली तापली होती. शेवटचा परिच्छेद राहिला होता. अंधार पडता पडता ती माहेरी पोचते आणि नवऱ्याला तार करते : सुखरूप पोचलो. त्या नवऱ्याने दिवसभर काय केलं असेल, याबद्दल माहितीपटात एक शब्द नव्हता. मलाही लिहिताना तो प्रश्न पडला नव्हता. मी ‘सुखरूप’ म्हणायला गेलो आणि शब्द अर्ध्यात तुटला. पुन्हा म्हणायला गेलो, पुन्हा तेच. तीस वर्षांत माईकसमोर माझा आवाज पहिल्यांदा मोडला.

मालकांनी हात वर केला. फोन मात्र त्यांच्या दुसऱ्या हातात गप्प होता. ते दाराकडे बोट दाखवत होते.

दारात माझी बायको उभी होती. कपाळभर भंडारा, खांद्यावर पर्स, आणि पायऱ्या चढून लागलेला थोडा दम.

मी आतून ओरडलो, “आई कुठे आहे?”

काचेतून तिला काही ऐकू गेलं नाही. तिने कानाला हात लावला. मी हेडफोन फेकून बाहेर आलो आणि बोलत सुटलो. डोकं ठिकाणावर आहे का, फोन कशाला दिलाय, म्हातारीला घेऊन जायची ही वेळ आहे का, लोह्याजवळ ट्रॉली उलटलीय ती दिसली नाही का. दार उघडं होतं आणि आतला माईक चालू होता. ते सगळं रेकॉर्ड झालं. मालकांनी नंतर विचारलं, की पेनड्राइव्हमध्ये देऊ का.

ती शांतपणे माझं संपायची वाट बघत होती. मग म्हणाली, “माय खाली गाडीत हायत. बऱ्या हायत. त्यांच्यानं पायऱ्या चढवत न्हाईत म्हणून मी वर आले.”

“मग लातूरला कशाला आलात?”

“तुमाला न्यायला. माय म्हणल्या, इथवर आलोच हाव तर त्याला बी घेऊन जाऊ. संध्याकाळी यष्टीत उभं राहून येईल बिचारा.”

“आणि फोन?”

“डिकीत हाय. मायचा घरीच राहिला. मास्तरनं सांगितलंय, चालवताना फोन हाताला लागंल असा ठेवायचा न्हाई. मायनं नारळवाल्याच्या फोनवरून तुमाला लावला होता. तुमीच उचलला न्हाई.”

आईला माझा नंबर तोंडपाठ आहे. मला तिचा नाही. मी पुन्हा त्याच खुर्चीत बसलो. डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही. मालक चहा सांगायला खाली गेले.

चहा आल्यावर मालकांना हौस आली. “वहिनी, सरांचा आवाज ऐका,” म्हणत त्यांनी तोच भाग लावला. स्पीकरमधून माझा गोड, भरदार आवाज आला : ‘पतीच्या शुभेच्छा घेऊन ती निघाली.’

बायकोने कप खाली ठेवला. “नवऱ्याला म्हाईत होतं मग?”

“नव्हतं.”

“तुमी तर वाचून दाखवलं तवा न विचारता म्हणला होतात.”

“हो.”

तिने कप पुन्हा उचलला. तीस वर्षं पोरांना शुद्धलेखनावरून कान धरून उभं करणाऱ्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज नव्हती. मी आत गेलो, हेडफोन चढवला आणि साहेबांना सांगितलं, की ते वाक्य आधीचंच राहील, कारण घडलं तसंच होतं. साहेब जरा कुरकुरले. दोन्ही पाठवा, बघू, म्हणाले. आम्ही दोन्ही पाठवली. पुढे शोरूममध्ये माहितीपट दाखवला तेव्हा त्यात शुभेच्छाच होत्या. मी पहिल्या रांगेत बसून दात चावले. शेजारी बसलेली बायको माझ्या कानात म्हणाली, जाऊ द्या, आपल्याला म्हाईत हाय न्हवं.

पण त्या दुपारी हे सगळं अजून पुढे होतं. आम्ही खाली आलो. गाडीच्या बॉनेटवर भंडारा उधळलेला, आरशाला झेंडूचा हार, आणि आई पुढच्या सीटवर बसून डब्यातले शेंगदाण्याचे लाडू खात होती. सीटवरचं प्लॅस्टिक काढून टाकलेलं होतं.

“डोळे मिटून का बसली होतीस?” मी विचारलं. तिची विचारपूस करायची ही काही रीत नव्हे, पण तेच तोंडातून निघालं.

“मंग काय उघडे ठेवू?” आई म्हणाली. “ही टरकाला मागं टाकती. मी निघाल्यापासून खंडोबाचं नाव घेऊन राहिले.”

मग तिने पिशवीतून एक लिंबू काढलं. नव्या गाडीची पूजा झाली की चाकांखाली लिंबं ठेवतात आणि गाडी त्यांवरून पुढे काढतात. माळेगावात तिने तीन चाकांखालीच ठेवली होती. “चौथं तुझं. घरच्या माणसानं चिरडायचं असतं. ठेव आन बस.”

“माझी पाठ…”

“तुझी पाठ मला म्हाईत हाय,” आई म्हणाली. “आन ती पेरूवाली बी म्हाईत हाय. त्या मास्तरनं हिला पहिल्याच दिवशी सांगितलं. आमी आजपतुर वाट बगून राहिलो, तू आपणहून सांगशील म्हणून.”

मी बायकोकडे बघितलं. ती वाकून पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवत होती. इतके महिने दोघींना ठाऊक होतं, आणि मी त्यांना यात्रेची गर्दी सांगत होतो.

आई सावकाश उतरून मागे बसली. मी स्टिअरिंगवर बसलो, बायको आईच्या जागी, माझ्या शेजारी. गल्ली मोकळी होती, क्लास सुटायला अजून वेळ होता, समोर कुणीही नव्हतं. तरी मला कडेला ती बाई पाटी घेऊन बसलेली दिसत होती. किल्ली फिरवली आणि इंजिनाचा आवाज आल्याबरोबर मी दोन्ही पाय उचलून घेतले.

“मला भ्या वाटतं,” मी म्हणालो. माईकवर कधी न वापरलेल्या, आमच्या घरच्या बोलीत. आवाज चिरका आला.

“मला बी वाटतं,” बायको म्हणाली. “लोह्यापतुर माझे पाय थरथर कापून राहिले होते. रोज बाजारात जाताना बी कापतात. क्लच दाबा.”

मी क्लच दाबला. ती सांगत गेली तसा गिअर टाकला, तसा पाय हळूहळू सोडला. गाडी हातभर पुढे सरकली. लिंबू फुटलं का नाही, मला कळलं नाही. मी फक्त उजवा पाय बघत होतो. तो ब्रेकवर होता आणि गाडी थांबली होती.

मागून आईचा आवाज आला. “झालं. ऊठ आता, तिला बसू दे. मला घरी सुखरूप पोचायचंय.”

मी उठलो. आयुष्यात व्यासपीठावरच्या बऱ्याच खुर्च्या मला कुणीतरी ओढल्यावर सोडाव्या लागल्यात. ही मी लगेच सोडली आणि मागे आईशेजारी जाऊन बसलो. तिने माझा हात धरला आणि डोळे मिटून घेतले. बायकोने आरसा नीट केला आणि गाडी गल्लीबाहेर काढली.